चेअरमनची किटली

सुवर्णा कणसे यांच्या मताला घरात पहिल्यांदा किंमत आली ती पासष्टाव्या वर्षी, आणि तीही चोरीचा माल सापडावा तशी.

सकाळची वेळ. जयसिंगराव चहात बटर बुडवत होते. मुलगा हर्षवर्धन इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला आणि त्याने भिंतीवरचा पडदा चालू केला. पडद्यावर एक वळणावळणाची रेषा उमटली. रेषेवर ठिपके होते. एकेक ठिपका म्हणजे एकेक निवडणूक. ठिपक्याशेजारी चिन्ह आणि खात्रीचा शेकडा. वर नाव होतं, सौ. सुवर्णा जयसिंग कणसे.

आयुष्यभराची मतं अशी एका रेघेत मांडलेली पाहून सुवर्णाबाईंना आधी लाजच वाटली. पदर खांद्यावरून घ्यावा असं काहीतरी. पहिला ठिपका अठराव्या वर्षाचा. वडिलांनी सांगितलं तिथे दिलेलं. मग लग्नानंतरचे चार-पाच ठिपके सरळ ओळीत, कारण कणशांच्या घरात मतदानाच्या आदल्या दिवशी सासरे जेवताना चिन्ह सांगत आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या सुना ते पोचवून येत. त्याला 'घरचं मत' म्हणत. मग रेषा हळूच वाकली होती. एकदा शिलाई मशीन, ती अपक्ष बाई, जी दूध संस्थेत येऊन बायकांच्या संडासाबद्दल बोलली होती. एकदा 'वरीलपैकी कोणीही नाही', कारण दोन्ही उमेदवारांनी एकाच रंगाच्या साड्या वाटल्या होत्या. एकदा जन्मभर शिव्या घातलेल्या पक्षाला, कारण त्यांच्या माणसाने आईला दवाखान्यात खाट मिळवून दिली होती. रेषा काढणाऱ्या यंत्राने तिथे लिहिलं होतं, 'वैद्यकीय उपकार, परतफेड.' बटन बरोबर ओळखलं होतं. कारणही जवळपास बरोबर, फक्त ते वाचताना सुवर्णाबाईंना कुणी अंगावर थुंकल्यासारखं झालं.

हर्षवर्धनने बोट ठेवलं ते मधल्या एका ठिपक्यावर. बावीस वर्षांपूर्वीची जिल्हा परिषद. चिन्ह समई. खात्री शेकडा एक्याण्णव.

"आई, हे खरं आहे का?" त्याने विचारलं.

"नाही."

"आणि बाकीचे ठिपके?"

बाकीचे सगळे खरे होते. सापळा असाच असतो, नऊ खऱ्यांच्या ओळीत दहावा खोटा बसवला की तो उठून दिसत नाही.

जयसिंगराव बटर खात राहिले.

ती निवडणूक कणशांच्या घरात कुणी विसरलं नव्हतं. जयसिंगरावांनी तरुणपणापासून समईच्या पक्षाचं काम केलं, सतरंज्या घातल्या, घोषणा दिल्या, आणि त्या वर्षी पक्षाने तिकीट भलत्यालाच दिलं. रागाच्या भरात ते अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं कपबशी. सगळा तालुका कपबशीत चहा प्यायला आणि जयसिंगराव एका मताने पडले. एका. दोनदा मोजणी झाली, एक ते एकच राहिलं. त्या दिवसापासून घरात त्या मताचा शोध सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात चोर सापडलाही. धाकटा भाऊ उत्तम. त्याच्याशी बांधावरून आधीच धुसफूस होती, त्यामुळे फार तपास करावा लागला नाही. उत्तमने भैरोबाच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली. जयसिंगराव म्हणाले, चोर देवाला आधी पटवतो. दोन घरांचं बोलणं तुटलं, अंगणात भिंत आली. आठ वर्षांपूर्वी उत्तम गेला. सख्खा भाऊ खांदा द्यायला आला नाही.

आणि आता ही रेषा. तिने उत्तमला निर्दोष सोडलं होतं. उत्तम कणसे, कपबशी, शेकडा सत्त्याण्णव. हे कळल्यावरही भिंतीपलीकडे कुणी चार शब्द बोलायला गेलं नाही. चोर बदलला, एवढंच.

या यंत्राची गंमत अशी की त्याने कुणाचंही मत चोरून पाहिलं नव्हतं. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या पेट्या एकत्र ओतून, कालवून मग मोजायचे, म्हणजे कुठल्या वस्तीने काय केलं ते कळू नये. बटनाचं यंत्र आल्यावर ते कालवणं गेलं. प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा, आणि तो सगळ्यांना वाचायला खुला. एका केंद्रावर सात-आठशे माणसं, त्यांची बेरीज माहीत, फक्त कुणी काय दिलं ते माहीत नाही.

'मतरेषा' काढणाऱ्या कंपनीने ही बेरीज उलटी चालवली. माणूस जन्मभर मागे काय काय सांडत जातो ते तिने गोळा केलं. कुठलं भाषण पूर्ण ऐकलं, कुठलं अर्ध्यात बंद केलं, कुणाच्या लग्नाला गेला, कुणाच्या मयताला गेला नाही, रेशनच्या दुकानात कुणाला शिव्या दिल्या. त्यावरून प्रत्येकाच्या मताचा एक अंदाज. मग हे सगळे अंदाज केंद्राच्या बेरजेत बसतात का ते बघायचं. नाही बसले तर ज्याच्यावर सगळ्यात जास्त संशय त्याला हलवायचं, पुन्हा बेरीज. असं प्रत्येक केंद्राचं, प्रत्येक निवडणुकीचं, कोट्यवधी वेळा, राज्यभराचा आकडा जुळेपर्यंत. एकट्या माणसाचा अंदाज चुकेल, पण चहूबाजूंनी बेरीज आवळत आणली की माणसाला हलायला जागा उरत नाही. कायद्याने दुसऱ्याचं मत बघायला बंदी होती. अंदाज बांधायला नव्हती. कोर्टात दावा पडून होता, आणि तोवर सगळ्या पक्षांनी वर्गणी भरून रेषा विकत घेतल्या होत्या.

आता तिकीट देताना घर बघत. पूर्वी मुलगी देताना बघायचे तसं. घरातल्या माणसांच्या रेषा एकमेकींवर ठेवून 'घरनिष्ठा' काढायची. हर्षवर्धनने गेल्या वर्षी पुन्हा समईच्या पक्षात प्रवेश केला होता. जुनी बंडखोरी पक्षाने माफ केली होती, बंडखोर पडला होता म्हणून. पण नवऱ्याला घरातून मत न देणारी बाई हा डाग होता. ज्या घरात बायको फिरते ते घर उद्या पक्षावर फिरेल, असा त्यांचा हिशेब. बाईने मत खुद्द समईलाच दिलेलं असून तो डाग कसा, हे कुणी विचारलं नाही. डागावर उतारा होता, जाहीर कबुली. पुढच्या रविवारी कृतज्ञता मेळावा, पक्षाचे निरीक्षक येणार, आईने माइकवर दोन वाक्यं बोलायची. चुकले, रागात होते, माफ करा.

"लोकांना पटेल," हर्षवर्धन म्हणाला. "तुझा राग लोकांना माहीत आहे."

राग होता, हे खोटं नव्हतं. त्या वर्षी जयसिंगरावांनी मुलीचं, प्रज्ञाचं, इंजिनीयरिंग दुसऱ्या वर्षातून काढून तिचं लग्न लावलं होतं. मोठ्या भावकीची सोयरीक, हजारभर मतांची. मतदानाच्या दिवशी सुवर्णाबाई केंद्रात गेल्या त्या समई दाबायचं ठरवूनच. पण सकाळी त्यांनी नवऱ्याला आरशासमोर पाहिलं होतं. दाढी करता करता मध्येच वस्तरा ठेवून तो माणूस आरशाला हात जोडून बघत होता, नमस्कार बरा दिसतो का ते. एवढ्याशा गोष्टीने बाईचं बोट फिरलं. कपबशी. ही गोष्ट तिने कुठल्या फोनला सांगितली नव्हती, कुठल्या दुकानात बोलली नव्हती. यंत्राकडे राग होता, आरसा नव्हता.

आणि बाईकडे पुरावा नव्हता. मत गुप्त ठेवायचं म्हणजे खरं सांगणाऱ्यालाही ते सिद्ध करता येत नाही, हे तिला पासष्टाव्या वर्षी कळलं.

दुसऱ्या दिवशी ती तालुक्याच्या मतरेषा केंद्रात गेली. तिथे नाझनीन मुल्ला नावाची तंत्रज्ञ होती, चाळिशीची, शांत, दिवसभर लोकांच्या घरातली भांडणं ऐकून कंटाळलेली. तिने उलट्या बेरजेची गोष्ट नीट समजावून सांगितली. सुवर्णाबाईंना ती पटकन कळली, कारण वीस वर्षं त्या गावच्या महिला दूध संस्थेच्या सचिव होत्या. टँकरची फॅट कमी लागली की पाणी कुणी घातलं ते असंच शोधायचं. आधी संशय, मग बेरीज.

"मग मला यातून काढा," त्या म्हणाल्या. "मी पाणी घातलं नाही."

"तुम्हाला काढलं तर दुसऱ्या कुणाला तरी घालावं लागेल, काकू. बेरीज बसायला पाहिजे."

"घाला की."

नाझनीनने कणशांचं घर पडद्यावर आणलं. सासरे, सासू, दीर, जाऊ, दोन चुलत दीर. सगळे कपबशी, कुणी सत्त्याण्णव, कुणी अठ्ठ्याण्णव. जयसिंग कणसे, कपबशी, शंभर.

"शंभर कसे? भैरोबाबद्दलसुद्धा मला एवढी खात्री नाही."

"उमेदवाराचं स्वतःचं मत आम्ही काढतच नाही, काकू. ते गृहीत. तो रकाना कुलूपबंद असतो, मलाही उघडत नाही."

सुवर्णाबाईंना आधी हसू आलं. संस्थेत रोज सकाळी प्रत्येक बाईच्या किटलीतलं दूध यंत्राला लावायचं. फक्त चेअरमनच्या घरची किटली आली की न तपासता ओतायची. तशी रीतच होती, कुणी ठरवलेली नाही. एकदा महिनाभर टँकरची फॅट घसरत राहिली, चार गरीब बायकांना काढून टाकलं, तरी घसरत राहिली. शेवटी कळलं तेव्हा चेअरमन म्हणाले, सुनेच्या हातून झालं असेल.

मग हसू थांबलं. त्यांना तो दिवस दिसला. केंद्रातून बाहेर आलेला नवरा कार्यकर्त्यांच्या टेबलाकडे न जाता सरळ जीपमध्ये जाऊन बसला होता. दुपारी ताप चढला. सगळे म्हणाले, दगदग. मोजणीला दोन दिवस होते आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला होता, निकाल ऐकून आल्यासारखा.

त्या वर्षीच्या मतदान यंत्रावर समई सगळ्यात वर होती. कपबशी खाली, पाचवी.

संध्याकाळी धारा झाल्यावर जयसिंगराव गोठ्याबाहेर खाटेवर बसले होते. सुवर्णाबाईंनी बादली खाली ठेवली.

"अहो," त्या म्हणाल्या, "काचेतली चिठ्ठी तुम्हाला दिसली होती ना?"

कुठली चिठ्ठी, असं त्यांनी विचारलं नाही. तिथेच उत्तर मिळालं. बटन दाबल्यावर काचेमागे कागदाची चिठ्ठी येते, त्यावर आपण दाबलेलं चिन्ह, काही सेकंद दिसते आणि खाली पडते. सात सेकंद नवऱ्याने समईकडे बघितलं होतं. बावीस वर्षं तो त्या सात सेकंदांवर बसून होता.

"सवयीनं बोट वर गेलं," ते म्हणाले. "तीस वर्षं तिथंच दाबत आलो होतो."

"बोट गेलं ते मी त्याच दिवशी माफ केलं असतं. जन्मभर हसले असते तुम्हाला. पण भावजी पायरीवर हात ठेवून रडत होते, तेव्हा तुमचं तोंड कुठं गेलं होतं?"

"गाव हसलं असतं."

"गाव हसू नये म्हणून भाऊ घालवलात."

जयसिंगराव खाटेचा सुंभ उसवत बसले. मग जे बोलले ते बोलले नसते तर कदाचित ही गोष्ट इथेच संपली असती. बायका नवऱ्यांचं काय काय पोटात घालतात त्याची यादी कुठल्या यंत्राला झेपणार नाही. ते म्हणाले, आता हर्षाच्या तिकिटाचा प्रश्न आहे. तुझं काय जातंय? तू बाईमाणूस, रागात होतीस, लोक समजून घेतील. आणि राग होताच की तुला.

म्हणजे प्रज्ञाचं शिक्षण मोडलं ते त्यांना कळत होतं. बायको का रागावली तेही कळत होतं. बावीस वर्षं कळत होतं आणि आज ते उपयोगाला आलं.

सुवर्णाबाई आत गेल्या आणि त्यांनी मुलाला सगळं सांगितलं. हर्षवर्धन ऐकून पांढरा पडला, पण दोन मिनिटांत सावरला, पुढाऱ्याचा पिंड. त्याचं म्हणणं असं की हे खरं असलं तर आणखीच वाईट. बायको फिरली यात थोडी शोकांतिका तरी आहे. स्वतःलाच मत द्यायला चुकला त्याचा मुलगा म्हणून आपण उभे राहिलो तर लोक सभेत शिट्ट्या मारतील. तेव्हा खरं काय ते घरात राहू दे आणि आईने रविवारी ठरल्याप्रमाणे बोलावं. तो वाईट मुलगा नव्हता. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्याने हौसेने करवली होती. फक्त आईचं नाव आणि बापाचं नाव तराजूत घातल्यावर कुठलं हलकं हे त्याला बघावं लागलं नाही.

रविवारी मंडप भरला. सुवर्णाबाई गेल्या त्या भिंतीपलीकडून जावेला, लताला, सोबत घेऊन. आठ वर्षांपूर्वी विधवा झालेली लता कणशांच्या कार्यक्रमाला आलेली पाहून पहिल्या रांगेत कुजबुज झाली. निरीक्षकांना वाटलं, समेट. त्यांनी मान डोलावली. मागे मोठ्या पडद्यावर सुवर्णाबाईंची रेषा लावली होती, तो ठिपका लाल करून.

हर्षवर्धनने माइक आईच्या हातात दिला. त्या सावकाश बोलल्या.

"उत्तम कणशांनी भैरोबाच्या पायरीवर हात ठेवला होता. ते खरं बोलत होते. यंत्रही तेच म्हणतंय, पण लताच्या दारात जाऊन ते सांगायला या घरातून कुणी गेलं नाही. आता पायरीवर हात ठेवायची पाळी माझ्यावर आणलीय. मी ठेवणार नाही. मी मत कुणाला दिलं हे विचारायचा हक्क यंत्राला नाही, नवऱ्याला नाही, पोटच्या पोराला नाही. एवढंच सांगते. ते एक मत ज्याच्या हातून गेलं तो माणूस या मंडपात बसलाय. चिठ्ठी त्यानं डोळ्यांनी पाहिलीय. नाव मी घेणार नाही. त्याचंही मत गुप्त आहे. त्याला तोंड आहे."

माइक त्यांनी खुर्चीवर ठेवला. मंडपभर माना वळल्या. जो तो शेजाऱ्याकडे बघत होता, आणि काही जण स्वतःच्या पायांकडे. सुवर्णाबाईंच्या ध्यानात आलं की पायांकडे बघणारे कमी नाहीत. यंत्राने ज्यांना सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव दिले होते त्यांतलेच. म्हणजे तितक्याच परक्या माणसांनी कुठेतरी गुपचूप कपबशी दाबली असणार, नाहीतर बेरीज बसली नसती. नवऱ्याला ती माणसं कधी कळणार नव्हती. तो एकालाच शोधत बसला, आणि तोही सापडलेला असताना.

लताचा हात धरून त्या मधल्या वाटेने निघाल्या. मागे खुर्ची सरकली. जयसिंगराव उभे राहिले होते. शाळेतल्या पोरासारखं त्यांनी उजव्या हाताचं बोट वर केलं. एक स्वयंसेवक धावत गेला आणि त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

"ताई, उठलेत," लता मागे वळून म्हणाली.

"उठू दे. चल."

मागून "मी" असं ऐकू आलं. दोनदा. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

या कबुलीचा उपयोग काय झाला ते सांगायला हवं. काहीच नाही. निरीक्षकांनी त्याच संध्याकाळी ती यंत्रात भरायला घेतली, पण उमेदवाराच्या मताचा रकाना कुलूपबंद. भर मंडपात तीनशे माणसांदेखत माणूस म्हणतोय मी चुकलो, आणि यंत्र म्हणतंय कपबशी, शंभर. मग बेरीज बसवायला सुवर्णाबाई होत्या तिथेच राहिल्या. समई, एक्याण्णव. पक्षाने तिकीट एका स्वच्छ घराला दिलं, जिथे पाच माणसं होती आणि पाचही रेषा अशा सरळ की एकाच सुताराने ओढलेल्या वाटाव्यात. जयसिंगराव भिंतीपलीकडे जाऊन आले. लताने दार उघडलं, पाणी दिलं, बसा म्हणाली नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी सुवर्णाबाईंच्या फोनवर तीन पक्षांचे निरोप आले. दोघांनी लिहिलं होतं, विचार करा. तिसऱ्याने लिहिलं होतं, आपण दिलेल्या मताबद्दल आभार. त्या तेव्हा अजून अंघोळीला जायच्या होत्या.

शाळेच्या खोलीत पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्या उभ्या राहिल्या. घाई केली नाही. सगळी चिन्हं वरून खाली वाचली. बोट ठेवलं, दाबलं. काचेमागे चिठ्ठी आली, ती खाली पडेपर्यंत त्या बघत राहिल्या.

बाहेर पायरीशी हर्षवर्धन उभा होता. प्रश्न तोंडावर होता, लहानपणी बरणीत लाडू किती उरले असं विचारायचा तेव्हा असायचा तसाच. सुवर्णाबाईंनी शाई लागलेल्या बोटाला फुंकर घातली आणि चपला पायात सरकवल्या.

"यंत्राला विचार," त्या म्हणाल्या.